अंगाला लावायचा धूप

धूप जाळायचा आणि गंध लावायचे, हा भेद पूजाविधीत इतका मुरलेला आहे की त्यामागे काही विचार असावा अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. पंचोपचार पूजेत, म्हणजे गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पाच उपचारांनी होणाऱ्या संक्षिप्त पूजेत, सुवासाशी संबंध असलेले उपचार तीन असले तरी त्यांची कामे एकमेकांत मिसळत नाहीत. उगाळलेले चंदन मूर्तीच्या अंगाला लागते, फूल तिच्यावर वाहिले जाते, धूप मात्र तिला स्पर्श न करता तिच्यासमोर केवळ ओवाळला जातो. मानसपूजेत, जिथे प्रत्यक्ष साहित्य नसते आणि उपासक मनानेच सारे उपचार अर्पण करतो तिथे, हाच भेद महाभूतांपर्यंत नेलेला आहे: गंध पृथ्वीरूप, धूप वायुरूप. साहित्यच हाताशी नसताना जो भेद पाळला जातो तो हाताळणीच्या सोयीसाठी पडलेला नसणार, हे उघड आहे.

हा भेद पुसून टाकणारी एक वस्तू आज बाजारात सहज मिळते. धूपाच्या वासाचे परफ्यूम, म्हणजे निखारा आणि धूर यांवाचून मनगटावर फवारला जाणारा धूप, ही ती वस्तू. तिची सर्वांत परिचित उदाहरणे २००२ मधली आहेत. रेई कावाकुबो यांनी १९६९ मध्ये तोक्योत सुरू केलेल्या 'कॉम दे गार्सों' या वस्त्रगृहाने त्या वर्षी धूप हाच विषय घेऊन पाच परफ्यूमची एक मालिका काढली आणि प्रत्येकाला एका गावाचे नाव दिले: कॅथलिक पंथासाठी आविन्यों, ऑर्थोडॉक्स पंथासाठी झागोर्स्क, इस्लामसाठी मोरोक्कोतील वारझाझात, हिंदू धर्मासाठी जैसलमेर आणि जपानी बौद्ध-शिंतो परंपरेसाठी क्योतो. धर्मांची अशी बाटलीबंद वाटणी करताना गफलती व्हायच्याच. झागोर्स्क हे सेर्गियेव पोसाद या मठाच्या गावाला सोव्हिएत राजवटीने एका बोल्शेविक कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ दिलेले नाव होते आणि १९९१ मध्ये ते पुसलेही गेले होते, त्यामुळे रशियन चर्चचा सुवास एका क्रांतिकारकाच्या नावाने विकला गेला. आणि जैसलमेरमधली दालचिनी-वेलदोड्याची संगत भारतीय नाकाला देवघरापेक्षा मसाल्याच्या डब्याच्या अधिक जवळची वाटते. या पाचांपैकी आविन्यों आणि क्योतो ही दोन मात्र पुरेशी गंभीर आहेत. दोन्हींचा कर्ता एकच, बर्त्रां दुशोफूर हा फ्रेंच परफ्यूमकार. दोन्हींच्या केंद्रस्थानी धूपच आहे. आणि या प्रकारच्या सुवासाची आवड असणाऱ्याला पुष्कळदा याच दोहोंतून एक निवडावे लागते.

कागदाच्या दोन पट्ट्यांवर दोन्हींचे थेंब घेऊन त्या शेजारी ठेवल्या तर पहिल्या काही मिनिटांतच वाटा फुटतात. आविन्यों सुरुवातीला किंचित लिंबासारखे आंबूस आणि कॅमोमाइलच्या फुलासारखे कडवट लागते, हा आंबूसपणा उडून गेला की मागे कोरडा, थंड, राळेचा वास उरतो आणि तो तासन्‌तास फारसा बदलत नाही. त्यात गोडवा इतका थोडा आहे की अंगाला लावण्याची वस्तू म्हणून हा वास जवळजवळ उद्धट वाटावा. क्योतोमध्ये धूप लाकडांच्या मागे उभा आहे: सायप्रस, सीडर, सागवान, वाळ्याचे मूळ, आणि त्यांच्या तळाशी भाजलेल्या कॉफीची एक काळी रेघ. पहिले परफ्यूम एका विशिष्ट धुराची जवळजवळ नक्कल आहे, तर दुसरे त्या धुराच्या निमित्ताने केलेली स्वतंत्र रचना आहे. हा फरक पुढच्या विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

ज्या मूळ आचारांचा हवाला ही दोन नावे देतात ते आचारही धुराकडे उलट्या दिशांनी पाहतात. आविन्यों हे १३०९ ते १३७७ या काळात पोपांचे निवासस्थान होते; कॅथलिक उपासनेत साखळ्यांना टांगलेल्या धूपपात्रातील निखाऱ्यांवर लोबान, म्हणजे ओमान आणि सोमालियाकडच्या बॉसवेलिया जातीच्या झाडांचा वाळलेला चीक, टाकला जातो, आणि वर चढणारा पांढरा धूर हे प्रार्थनेचे दृश्य रूप मानले जाते. तिथे धूर दिसला पाहिजे आणि सर्वांना दिसला पाहिजे. क्योतोशी निगडित असलेल्या कोदो या सुगंधकलेत याउलट धूर हा दोष आहे. निखारा राखेत पुरून टाकतात, राखेचा लहानसा डोंगर करून त्यावर अभ्रकाची चकती ठेवतात आणि तिच्यावर अगरूच्या लाकडाची नखाएवढी कपची नुसती तापवतात, जाळत नाहीत. मग ते पात्र हातोहात फिरते आणि प्रत्येक जण ओंजळीने झाकून त्याचा वास घेतो. गेंजीको या खेळात पाच पुड्यांतील कोणते वास एकच आणि कोणते वेगळे एवढेच ओळखायचे असते. त्यातून संभवणाऱ्या ५२ उत्तरांना 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीतील प्रकरणांची नावे दिलेली आहेत. यातला कोणता वास अधिक चांगला, हा प्रश्न त्या खेळात विचारलाच जात नाही. निवडीला जागाच न ठेवणाऱ्या एका साधनेचे नाव घेऊन दुकानात निवडीची वस्तू विकली जाते, हा विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

लावायचा सुवास आणि जाळायचा सुवास यांतला भेद भारतापुरता नाही. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात संयमाची चर्चा करताना असे म्हटले आहे की सफरचंद, गुलाब किंवा धूप यांच्या वासात रमणाऱ्याला कोणी असंयमी म्हणत नाही, परंतु सुगंधी उटण्यांच्या आणि चमचमीत पदार्थांच्या वासात रमणाऱ्याला म्हटले जाऊ शकते. कारण त्याने थोडक्यात सांगितले आहे. उटण्याचा वास स्वतःसाठी आवडत नसून तो ज्या भोगाची आठवण करून देतो त्यासाठी आवडतो. धुपाचा वास कोणत्याही भोगाकडे बोट दाखवीत नाही, म्हणून तो निर्दोष. या कसोटीला धूपाचे परफ्यूम घासून पाहिले की पंचाईत होते, कारण ते वासाने धूप आहे आणि वापराने उटणे. ते भोगाची आठवण करून देत नाही हे खरे; पण ते अंगाला लावले जाते ते इतरांनी जवळ यावे, निदान वळून पाहावे, यासाठीच. ॲरिस्टॉटलच्या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात ते पडते हे त्या वस्तूवरून ठरत नाही, लावणाऱ्याच्या हेतूवरून ठरते, आणि त्या हेतूची कबुली सहसा कोणी स्वतःजवळही देत नाही.

ज्यू परंपरेने हा प्रश्न अधिक कठोरपणे मांडला आणि, विशेष म्हणजे, अधिक बारकाईने सोडवला. बायबलमधील 'निर्गम' या ग्रंथाच्या ३० व्या अध्यायात निवासमंडपातील धूपाची कृती दिली आहे. लोबानासह चार सुवासिक द्रव्ये समभाग घ्यायची आणि त्यात मीठ घालायचे. तिच्या लगेच पुढे असा दंडक आहे की या कृतीचा धूप स्वतः हुंगण्यासाठी जो कोणी तयार करील त्याला समाजातून तोडून टाकावे. देवाचा सुवास माणसाने स्वतःसाठी करू नये, इतका हा निषेध सरळ आहे. परंतु तालमूद, म्हणजे या नियमांचा काथ्याकूट करणारा रब्बींचा चर्चाग्रंथ, तिथे थांबत नाही. मंदिरात धूप जळत असताना त्याचा वास जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नाकात शिरणारच. तर हा देवाच्या मालमत्तेचा अपहार धरावा काय? रब्बींनी दिलेले उत्तर असे: धुराचा खांब वर चढेपर्यंत तो वास घेणे हा अपहार आहे, एकदा तो वर चढला की नाही, कारण तोवर धूपाचे विहित कार्य पूर्ण झालेले असते. सुवास तोच, नाक तेच. मधे फक्त अर्पण घडून गेले आहे, आणि तेवढ्याने दोष संपतो.

ही भूमिका मराठी वाचकाला परकी वाटू नये. आघ्रात, म्हणजे आधीच हुंगलेले, फूल देवाला वाहू नये असा आपल्याकडचा नियम आहे, आणि तेच फूल वाहून झाल्यावर निर्माल्य म्हणून डोळ्यांना लावण्यास किंवा केसांत माळण्यास हरकत नसते. पंढरपूरच्या परंपरेत तर अंगावर मिरवायच्या काळ्या सुवासाची वस्तूच आहे: कोळशाच्या भुकटीत सुगंधी द्रव्ये मिसळून केलेला बुक्का. वारकऱ्याच्या कपाळावर गोपीचंदनाखाली दिसणारा बुक्का हा विठ्ठलाला वाहिलेला म्हणून त्याचा असतो. आणि वारकरी भेटल्यावर एकमेकांना तो लावतात तेव्हाही कोणता बुक्का अधिक शोभतो हा विचार मनात येत नाही. बौद्ध आचारातही याच गाठीची दोन टोके आहेत. उपोसथाच्या दिवशी उपासक जी आठ शीले पाळतो त्यांत माळा, गंध आणि विलेपन यांचा त्याग येतो, पण त्याच दिवशी बुद्धमूर्तीपुढे धूप लावण्यात काहीही आडकाठी नसते. जपानच्या शिंगोन पंथात उपासनेपूर्वी सुगंधी चूर्ण तळहातांना चोळतात, तेही हात मूर्तीपुढे जोडण्याजोगे व्हावेत म्हणून. या सगळ्यांत सुवास अंगाला लागतो, परंतु अर्पणाच्या मार्गावर, त्याच्या आधी शुद्धीसाठी किंवा नंतर प्रसाद म्हणून. परफ्यूमच्या बाबतीत हा मार्गच नाही. तिथे सुवास बाटलीतून थेट मनगटावर येतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. धूर अंगाला लागणे यात भारतीयांना कधी काही वावगे वाटले नाही. 'मेघदूता'तल्या उज्जयिनीत गवाक्षांतून बाहेर पडणारा धूर स्त्रियांचे केस सुवासिक करण्याचा आहे, आणि न्हाऊ घातलेल्या बाळाला व बाळंतिणीला धुरी देण्याची रीत महाराष्ट्रात अजून कितीतरी घरांत टिकून आहे. सुगंधशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथांचा हेतूही मुळात उपभोगाचाच होता. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील गंधयुक्ती प्रकरणात १६ द्रव्यांपैकी कोणतीही ४ घेतल्यास १८२० मेळ होतात असा हिशेब आहे, तो देवासाठी खासच नव्हे. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी प्रकाशात आणलेल्या 'गंधसार' आणि 'गंधवाद' या ग्रंथांपैकी दुसऱ्यावर जुनी मराठी टीकाही आहे, म्हणजे मराठीतून अत्तरे-उटणी करणाऱ्यांची एक जाणती परंपरा होती. तेव्हा सुवास भोगणे हे पाप, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो की देवळाचे नाव लावून विकलेला सुवास नेमके काय देतो.

या प्रश्नाला न्यायदर्शन, म्हणजे प्रमाणांची चिकित्सा करणारे भारतीय तर्कशास्त्र, अनपेक्षितपणे उपयोगी पडते. नैयायिकांच्या मते गंध हा केवळ पृथ्वीद्रव्याचा गुण असून त्याचे सुरभी आणि असुरभी असे दोनच प्रकार आहेत. पवित्र आणि अपवित्र असे नाहीत. म्हणजे आविन्यों अंगाला लावल्याने काही भ्रष्ट होते असे म्हणण्याला या दर्शनात आधार नाही, कारण पावित्र्य गंधात नव्हतेच, ते विधीत होते. त्याच दर्शनाचे सर्वांत घासलेले उदाहरण धुराचे आहे: डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असे अनुमान होते. परफ्यूमच्या धुरामागे अग्नी नाही. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या लोबानाच्या तेलात हलकी, पाइनसारखी द्रव्येच प्रामुख्याने येतात, जड राळ भांड्यात मागे राहते; म्हणून धुराचा भास घडवायला परफ्यूमकार बर्चच्या सालीचे डांबर किंवा नागरमोथ्याचे तेल वापरतात, तोच नागरमोथा जो दिवाळीच्या उटण्यात असतो. जुन्या चर्चची आठवण देणारा लोबानाचा रेंगाळणारा वास त्यातल्या अत्यल्प प्रमाणातल्या दोन आम्लांमुळे येतो हे फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले. तेव्हा आता 'धुराचा वास' हा धुराचा आणि धुरामार्फत अग्नीचा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, म्हणून टिकत नाही. तो सव्यभिचार, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसलेल्या ठिकाणीही आढळणारा हेतू, झाला आहे.

नैयायिक आणखी एका ठिकाणी नेमके बोट ठेवतात. चंदनाचे खोड दूरवर पडलेले पाहून 'हे सुगंधी चंदन आहे' असे ज्ञान होते, तेव्हा डोळ्याने सुगंध कसा कळला, हा त्यांचा प्रश्न. आणि पूर्वी घेतलेल्या ज्ञानाच्या द्वारे तो या प्रत्यक्षात शिरतो, हे त्यांचे उत्तर. याला ते ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती म्हणतात. धूपाच्या परफ्यूममध्ये हीच क्रिया उलट चालते: नाकाला वास कळतो आणि दगडी भिंती, मेणबत्त्या, टांगते धूपपात्र हे सारे पूर्वज्ञानातून त्यात शिरते. पण पूर्वज्ञान ज्याचे त्याचे असते. वसईच्या कॅथलिक घरात वाढलेल्याला आविन्योंमध्ये गावच्या चर्चचा सण भेटेल, दर्ग्यात जाणाऱ्याला गुरुवारचा लोबान भेटेल, आणि ज्याच्या घरी तिन्हीसांजेला धुपाटण्यात ऊद घातला जातो त्याला फ्रान्समधले पोप आठवण्याचे कारणच नाही. बाटलीवरचे नाव हे ज्ञान पुरवू शकत नाही. ते फार तर सुचवते. म्हणून या दोहोंतली निवड ही दोन धर्मांतली निवड आहे असे मानणाऱ्याची बाटलीने फसगत केली आहे, असेच म्हणावे लागते.

मग निवड करायची तरी कशाच्या आधारावर? दोन सारख्याच ग्राह्य वस्तूंपैकी एक घेण्याचा विचार मीमांसेइतका, म्हणजे यज्ञविधींच्या वाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राइतका, तपशिलात क्वचितच कोणी केला असेल. दर्शपूर्णमास या इष्टीत पुरोडाश, म्हणजे आहुतीची भाजलेली पिठाची वडी, तांदळाची करावी असे एक वाक्य आहे आणि जवाची करावी असे दुसरे. दोन्ही सारखीच प्रमाण. मीमांसक इथे विकल्प मानतात, पण नाइलाजाने, कारण विकल्पात आठ दोष आहेत असे ते म्हणतात. तांदूळ घेतला की जवाच्या वाक्याचे असलेले प्रामाण्य सोडावे लागते आणि नसलेले अप्रामाण्य त्याला चिकटवावे लागते. पुढे कधी जव घेतले की सोडलेले प्रामाण्य परत आणायचे आणि चिकटवलेले अप्रामाण्य काढायचे. हे चार, आणि तांदळाच्या वाक्याबाबत असेच चार. म्हणून दोन्ही धान्ये एकत्र मिसळायची पळवाटही बंद, आणि एकदा तांदळाने आरंभ केला की तो प्रयोग तांदळानेच पूर्ण करायचा. तांदूळ कमी पडले तर जवाकडे न वळता तांदळासारखे रानटी नीवार घ्यायचे. आजकाल दोन परफ्यूम एकावर एक फवारून स्वतःचा वास करण्याची टूम आहे. आविन्यों आणि क्योतो यांच्याबाबत ती मीमांसकांच्या कारणासाठी नव्हे तरी त्याच निकालाने टाळावी हे बरे, कारण एकाचा कोरडेपणा आणि दुसऱ्याची लाकडाची ऊब ही दोन्ही त्यात जातात आणि तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले अशी गत होते.

परंतु मीमांसेचा विकल्प आणि दुकानातला विकल्प यांत एक मूलभूत अंतर आहे. यज्ञात तांदूळ घ्या की जव, फळ तेच. म्हणून निवडीचा भार हलका असतो, कर्त्याची आवड तिथे काही ठरवत नाही. परफ्यूममध्ये विधी नाही, म्हणून फळही आवडीपेक्षा वेगळे नाही, आणि सगळा भार आवडीवर येतो. कठोपनिषदाच्या भाषेत ही निवड श्रेय आणि प्रेय यांतली नसून दोन प्रेयांतली आहे, आणि ती तशी मान्य करण्यात कमीपणा काही नाही. मान्य केल्यावर कसोट्या मात्र वापरता येतात, आणि त्या एकाच बाजूला झुकत नाहीत. ॲरिस्टॉटलची कसोटी लावली तर आविन्यों सरस ठरते, कारण ते उटण्याच्या गोडव्याला कमीत कमी वाव देते. नैयायिकांची लावली तर क्योतो, कारण ते धुराचा दावा न करता धुराविषयी काही बोलते. खोटा हेतू पुढे करीत नाही. या दोहोंत दुसरी कसोटी अधिक वजनदार वाटते. नकलेला मूळ वस्तू शेजारी आली की उभे राहता येत नाही, रचनेला ती अडचण नसते.

ही परीक्षा प्रत्यक्षातही घेता येते. गंध इतरांवर लादला जातो अशी तक्रार कांटने केली होती, संगीताची तुलना खिशातून काढलेल्या सुगंधी रुमालाशी करून. कोदोच्या सभांमध्ये ही तक्रार नियम होऊन बसलेली आहे आणि येणाऱ्यांनी परफ्यूम लावून येऊ नये असे आधीच सांगितलेले असते. क्योतो निवडणाऱ्याला म्हणून ते लावून क्योतोतल्या सुगंधसभेत बसता येत नाही, कारण तिथे ते दुसरा वास म्हणून ताबडतोब ओळखू येईल. आविन्यों लावून मिस्साला जाण्यास कोणी मनाई करीत नाही; पण निखाऱ्यावर खरा लोबान पडला की मनगटावरचा वास लावणाऱ्यालाही त्यातून वेगळा काढता येणार नाही.